फ्रीडाची चंदी

जर्मनीत मी नेमकं काय करतो, हे अण्णांनी माथेरानात कितीतरी वर्षं कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंच तर 'कंपनीत आहे' म्हणायचे. कंपनी सुटून मला जमाना झाला होता. मी घोडे भाड्यानं देत होतो. अण्णांनी आयुष्यभर तेच केलं, त्यांच्या वडिलांनीही तेच. आणि मी ते करू नये म्हणूनच त्यांनी मला बोर्डिंगात ठेवून शिकवलं, पुण्याला इंजिनीअर केलं, वर कायझर्सलाउटर्नला मास्टर्ससाठी पाठवलं. एवढे उपद्व्याप करून मी पुन्हा घोड्याच्या काढणीची दोरीच हातात धरली, हे कळल्यावर ते फोनवर एकच बोलले होते, "घोड्यामागं चालायला जर्मनीला कशाला जायला पायजे होतं? हितं काय घोडी कमी होती?" त्या दिवसापासून घोडा हा विषय आम्हा बापलेकांत बंद झाला.

अण्णा दिवाळी अंक वाचतात, जाहिरातींसकट वाचतात. हा अंकही त्यांच्या हातात पडणार आहे. तरी लिहितो. माझ्याकडची सगळ्यात गुणी घोडी, फ्रीडा, माझ्या गप्प बसण्यानं मेली. कितीतरी वर्षांनी अण्णा माझ्याशी घोड्यांबद्दल बोलायला लागले होते, तेही तिच्याबरोबर संपलं. घोडी दुसरी मिळते.

पण आधी धंदा सांगायला हवा, कारण इथल्या आपल्या लोकांनासुद्धा तो कळत नाही. गणपतीला भेटले की विचारतात, "म्हणजे हॉर्स रायडिंग ना?" नाही हो. माझ्या घोड्यांवर कुणी बसत नाही. माझे घोडे हमाल आहेत.

कायझर्सलाउटर्नच्या दक्षिणेला जे जंगल सुरू होतं ते थेट फ्रान्सच्या हद्दीला भिडतं. लाल दगडाचे डोंगर, उभे चढ, खाली ओढे. तिथं शिकार चालते. शिकार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे राजेरजवाडे येतात. इथला शिकारी म्हणजे दातांचा डॉक्टर, शाळामास्तर नाहीतर विमा विकणारा. त्याला अवघड परीक्षा द्यावी लागते, लायसन लागतं. वाघ-बिबटे नसल्यामुळे हरणं आणि रानडुकरं वाढतात, कोवळी झाडं खाऊन टाकतात, शेतं उकरतात. म्हणून ती मारायची, असा सगळा सरकारी हिशोब आहे. पटो न पटो. मला सुरुवातीला पटत नव्हता. नंतर मी विचारच सोडला.

तर हे शिकारी दोन-तीन दिवसांसाठी जंगलातल्या एखाद्या लाकडी खोपटात जाऊन राहतात. अशी काही खोपटी आहेत की तिथवर गाडी जात नाही, काही भागांत न्यायला परवानगीच नाही. मग मला फोन येतो. वर जाताना माझे घोडे त्यांची पांघरुणं, भांडीकुंडी, बटाटे आणि बिअर नेतात. खाली येताना मारलेलं जनावर आणतात. बंदुकीला आणि काडतुसांना मी हात लावत नाही, ती ज्याची त्यानं वाहायची. माझ्याकडे परवाना नाही आणि मला तो नकोही होता.

यात अवघड काय, असं वाटेल. दोन गोष्टी अवघड आहेत. एक म्हणजे ओझं बांधणं. ओझं जड असलं तर चालतं, वाकडं असलेलं चालत नाही. हे वाक्य अण्णांचं. माथेरानात मोटारींना बंदी. सिलिंडर, सिमेंट, हॉटेलांचे फ्रीज, सगळं घोड्याच्या नाहीतर माणसाच्या पाठीवरून वर यायचं. दोन्ही बाजूंचं वजन सारखं हवं, नाहीतर खोगीर सरकतं, पाठ सोलते, आणि सोललेली पाठ महिनाभर भरत नाही. मेलेलं हरीण आडवं टाकलं की त्याचं डोकं लोंबतं. शिंगं घोड्याच्या बरगडीत घुसू नयेत म्हणून ते मागं वळवून बांधावं लागतं. हे मला कुठल्या विद्यापीठात शिकवलेलं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे रक्ताचा वास. घोडा मुळात भित्रा प्राणी. ताज्या रक्ताचा वास आला की तो मागच्या पायांवर उभा राहतो, दोर तोडतो, पळतो. त्याला सवय लावायला एखादं वर्ष जातं, आणि पुष्कळांना ती लागतच नाही. मला हे काम शिकवलं ते हेर क्लाइन यांनी, हेर म्हणजे आपलं श्रीयुत. हे रिटायर झालेले वनाधिकारी, आमच्या गावाच्या टोकाला राहायचे. मी सॉफ्टवेअर कंपनीत होतो तेव्हा शनिवार-रविवार त्यांच्या तबेल्यात शेण उचलायला जायचो, डोकं ठिकाणावर राहावं म्हणून. कंपनीनं आमचा विभाग बंद केला तेव्हा हेर क्लाइन यांचे गुडघे गेले होते. त्यांनी घोडे माझ्या हवाली केले. ते नव्या घोड्याच्या चाऱ्याच्या बादलीखाली डुकराचं कातडं ठेवत. भूक लागली की भीती मागे पडते, असं त्यांचं शास्त्र. फ्रीडाला कातड्याची गरजच पडली नाही. पहिल्याच दिवशी तिनं मेलेलं डुक्कर हुंगलं, फुर्र केलं आणि उभी राहिली, जणू सिमेंटचं पोतंच आहे.

फ्रीडा हाफ्लिंगर जातीची होती. ही डोंगरातली बुटकी, रुंद जात. अंग गुळाच्या रंगाचं आणि अयाळ पांढरी. स्वभावानं शहाणी, थोडी आपमतलबी. वाट निसरडी असेल तर ती पाय आधी टेकवून बघायची आणि पटली नाही तर थांबायची. मग कुणाचा बाप आला तरी हलायची नाही. मी तिच्याशी मराठीतून बोलायचो. जर्मनमधून शिव्या देता येतात, लाड करता येत नाहीत.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. हॅनोव्हरचा एक दातांचा डॉक्टर होता, तीन दिवसांच्या शिकारीला सात पेट्या घेऊन यायचा. एका पेटीत नुसते वाइनचे ग्लास, पेंढ्यात गुंडाळलेले. त्याचा नेम असा की डोंगराला मारली तरी चुकावी. तिसऱ्या दिवशी रिकाम्या हातानं उतरायची वेळ आली की तो मला बाजूला घ्यायचा. खाली गावात त्याचे ओळखीचे लोक खानावळीच्या अंगणात बसलेले असत. मग आम्ही त्याची गादी ताडपत्रीत गुंडाळून, दोरानं आवळून, मोठं डुक्कर वाटेल अशी फ्रीडावर बांधायचो आणि गावातून मिरवत न्यायचो. लोक टोप्या काढून अभिनंदन करायचे, डॉक्टर मान तुकवायचा. इंजिनीअर होऊन मी गाद्यांची वरात काढत होतो. त्याचं हसू यायचं, पण घरी जाऊन मुग्धाला, माझ्या बायकोला, सांगताना हसू अर्ध्यात थांबायचं. घर तिच्या पगारावर चालत होतं, आणि ती कधी बोलून दाखवत नव्हती.

दुसरे हेर फोगल. ऐंशीच्या पुढचे. त्यांना चढ झेपत नव्हता, आणि घोड्यावर बसायला ते तयार नव्हते. मी त्यांना सांगितलं, घोडीची शेपूट धरा. माथेरानात आम्ही पोरं असेच चढायचो. गरीब घोडी असेल तरच हे करावं, नाहीतर लाथ ठरलेली. फ्रीडानं त्यांना पाऊण तास ओढत वर नेलं आणि दर वळणावर आपण होऊन थांबली. दोन दिवस ते मचाणावर बसले. हरीण आलं, त्यांनी बघितलं, बंदूक उचलली नाही. उतरताना मला म्हणाले, "आल्झो," म्हणजे चला तर, "झालं माझं." पुढच्या वर्षी त्यांच्या मुलीचं पत्र आलं. त्यात तिनं घोडीला निरोप कळवा असं लिहिलं होतं. मी फ्रीडाला तो वाचून दाखवला. वेडेपणाच, पण दाखवला.

मग एका वसंतात फ्रीडाचे पुढचे पाय दुखायला लागले. आमची डॉक्टरीणबाई आली. बाई फटकळ, पण हात देवाचा. तिनं रक्त तपासलं आणि सांगितलं की माणसाला साखरेचा आजार होतो तसलंच काहीसं हिला झालं आहे. ही जात डोंगरात अर्धपोटी राहायला घडलेली. गोड किंवा दाणा जास्त झाला की त्याचा दाह थेट खुरात उतरतो, आणि खुरातलं हाड जागचं हलतं. एकदा झालं, आता पुन्हा होऊ द्यायचं नाही. धान्य बंद, सफरचंद बंद, गाजर बंद, शिळा पाव बंद. पाण्यात भिजवून निथळलेलं गवत, बस. हे सगळं तिनं कागदावर लिहून दिलं. मी तो तबेल्याच्या दारावर लावला. मुग्धानं त्याची एक प्रत घरी फ्रीजवर लावली. कागद जर्मनमध्ये होता.

त्या वर्षी ऑक्टोबरात अण्णा आले. आई गेल्यानंतर ते फार एकटे पडले होते. तिथले घोडे माझा धाकटा भाऊ बघत होता. मुग्धानंच हट्ट धरला, फोनवर म्हणाली, "अण्णा, तुम्ही या. हवापालट होईल." मला वाटलं होतं, तबेल्याकडे ते फिरकणारही नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर अंथरूण रिकामं. धावत तबेल्यात गेलो. अण्णा माझं जाकीट घालून, डोक्यावर पांढरी टोपी, फ्रीडाचा पुढचा पाय मांडीवर घेऊन खूर बघत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "नाल बरा ठोकलाय. पण टाच जरा जास्त ठेवलीय." इतक्या वर्षांत घोड्याबद्दल माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मी म्हटलं, "हो का अण्णा?"

त्यानंतर ते तीन आठवडे थांबलेच नाहीत बोलायचे. खरारा कसा करावा, तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, कुठल्या बरगडीवर यावा, घोडं कान मागं टाकतं तेव्हा त्याला नेमकं काय खुपतं. मोरित्झ नावाचा माझा दुसरा घोडा उतारावर अडखळायचा. त्यांनी त्याचं ओझं चार बोटं मागं सरकवलं आणि अडखळणं गेलं. मी वहीत लिहून घ्यायचो. बेचाळिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा बापाकडून त्याचा धंदा शिकत होतो.

आणि ते घोड्यांना चंदी देत होते. चंदी म्हणजे घोड्याचा खुराक. आमच्याकडे भिजवलेले हरभरे आणि गूळ. अण्णांच्या पेटीत कपडे थोडे आणि गुळाच्या ढेपा जास्त होत्या. सुनेसाठी आणल्या होत्या, पण पहिल्याच दिवशी त्यांचं धोरण बदललं. हरभरे त्यांनी शहरातल्या भारतीय दुकानातून माझ्याकडूनच आणवले. मी काय समजून आणले? मोरित्झसाठी, असं स्वतःला सांगितलं. मोरित्झला ते सोसत होतं. त्या रात्री भिजत घातलेल्या हरभऱ्यांचं पातेलं बघून मुग्धा मला म्हणाली, "अरे, अण्णांना सांग ना. मी सून आहे, मी कसं सांगू? तूच सांग." मी म्हटलं सांगतो.

दुसऱ्या दिवशी मी तेवढ्यासाठी तबेल्यात गेलो. अण्णा तळहातावर गुळाचा खडा ठेवून उभे होते आणि फ्रीडा तो ओठांनी उचलत होती. म्हणाले, "गवतावर घोडं जगतं रे, पण कामाला ताकद लागती. तुझ्या घोड्यांच्या तोंडाला कुणी गोड लावलंच नाही." मी म्हणणार होतो, अण्णा, हिला चालत नाही. जिभेवर आलं होतं. पण सत्तरी उलटलेल्या बापाला, ज्यानं पन्नास वर्षं घोडी राखली त्याला, मी कागद वाचून दाखवायचा? एवढ्याशा बोलण्यानं त्यांचा चेहरा पडला असता आणि ते पुन्हा 'कंपनीत आहे'वर गेले असते, अशी मला भीती वाटली. मी म्हटलं, "अण्णा, तिला थोडं कमी द्या, ती जाड आहे." ते हसले. "घोडं नि पोर कधी जाड नसतंय." झालं. तेवढं बोलून मी माझं कर्तव्य केलं असं समजलो.

दसऱ्याला त्यांनी दोघांना झेंडू बांधले आणि पुरणपोळी भरवली. मुग्धानं माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

त्यानंतर हाकाऱ्याची मोठी शिकार होती. पंचवीस-तीस शिकारी, हाकारे, कुत्री. असल्या दिवशी आमचं काम म्हणजे जिथं गाडी पोचत नाही तिथलं जनावर काढायचं. दुपारी निरोप आला की एक मोठा नर डुक्कर खोल घळीत जाऊन पडलाय. चार धट्टीकट्टी माणसं वर उभी राहून खल करत होती. अण्णांनी नारिंगी जाकीट घातलेलं, वर टोपी. त्यांनी कुणाला विचारलं नाही. खाली उतरले, डुकराला पोत्यात घातलं आणि सिलिंडरला बांधतात तशी दोराची गाठ मारली. माथेरानची गाठ, ओढेल तशी आवळत जाते. मी फ्रीडाला खाली नेलं. तिच्यावर ते ओझं आम्ही दोघांनी चढवलं, एका बाजूला डुक्कर, दुसऱ्या बाजूला तोलायला दगडांची गोणी. अण्णांनी तिच्या मानेवर थाप मारली आणि कानात काही बोलले. ती घळ चढली ती एका दमात, एकदाही न घसरता.

इथं अशी रीत आहे की संध्याकाळी सगळी शिकार ओळीनं मांडतात, शिंग फुंकतात आणि ज्यानं जनावर मारलं त्याला हिरवी डहाळी देतात, ती तो टोपीत खोचतो. त्या दिवशी शिकारीच्या प्रमुखानं एक डहाळी जास्त काढली आणि ती अण्णांना दिली. सगळ्यांनी टोप्या काढल्या. अण्णांना काही कळेना. मी कानात सांगितलं, तुमचा मान आहे. त्यांनी ती डहाळी पांढऱ्या टोपीत खोचली. घरी येताना गाडीत म्हणाले, "तू काही वाईट करत नाहीस इथं. मी उगाच लाजत होतो लोकांना सांगायला." मी गाडी चालवत होतो, नाहीतर रडलो असतो. तबेल्यात पोचल्यावर त्यांनी उरलेली अर्धी ढेप फोडली आणि म्हणाले, "आज घोडीनं कमावलंय." तिनं सगळी खाल्ली. त्या क्षणी कोण बोललं असतं? कुणीही बोलला असता ज्याला घोडी प्यारी होती. मी नाही बोललो.

तिसऱ्या दिवशी सकाळी फ्रीडा जागची हलेना. पुढचे पाय लांब टाकून, सगळा भार मागच्या पायांवर घेऊन उभी होती. अण्णांनी खुराला हात लावला आणि चटका बसल्यासारखा काढला. "आग आहे पायात," म्हणाले.

डॉक्टरीणबाई तासाभरात आली. पाय बघितले, नाडी बघितली, मग खुंटीवरचा तोबरा, चंदी भरून घोड्याच्या तोंडाला बांधायची पिशवी, काढून आत हात घातला. चार हरभरे तिच्या तळहातावर आले. तिनं मला विचारलं, हे काय आहे, आणखी काय खाल्लं हिनं. मी जर्मनमधून खरं सांगितलं. साखर. म्हणजे गूळ. आणि हे चणे. तीन आठवडे. कुणी दिलं, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, मी. ती म्हणाली, "मी तुम्हाला लिहून दिलं होतं." मी म्हटलं, "गेनाऊ," म्हणजे बरोबर. दुसरं काय म्हणणार. पलीकडे दारावर तो कागद होताच.

अण्णांनी विचारलं, "काय म्हणती बाई?"

मी मराठीतून सांगितलं, "ओझं जास्त झालं म्हणते. दगडावर फार चालवली. माझंच चुकलं, मी जास्त घातलं."

मुग्धा तिथंच होती. तिचं जर्मन माझ्यापेक्षा चांगलं आहे. तिनं दोन्ही भाषांतलं ऐकलं आणि खाली मान घातली. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "घोडं तुझं. तुला कळायला नको?" आणि बादली घेऊन पाणी आणायला गेले.

अकरा दिवस आम्ही झगडलो. बर्फाच्या पाण्यात पाय, खाली वाळूचा गुडघाभर थर, खुरांना गाद्या, दुखण्यावर औषधं. अण्णा दिवसभर तिच्यापाशी बसून असायचे. तिच्याशी बोलायचे, माझ्याशी नाही. चंदी त्यांनी त्या दिवसापासून आपण होऊन बंद केली होती. मला वाटलं, बरं झालं, सांगावं लागलं नाही. शेवटच्या एक्स-रेत दिसलं की हाड फिरलंय आणि तळव्यातून बाहेर यायच्या बेतात आहे. बाई म्हणाली, आता तिला त्रास देऊ नका. भर दुपारी, उन्हात, अंगणात तिला इंजेक्शन दिलं. डोकं अण्णांनी धरलं होतं. ती आधी गुडघ्यांवर आली, मग कुशीवर. अण्णांनी तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि उठून आत गेले. मी तिथंच बसलो होतो. किती वेळ, ते मुग्धाला विचारायला हवं.

दोन आठवड्यांनी अण्णा परत गेले. विमानतळावर म्हणाले, तब्येतीला जप. पुढच्या हंगामात मी मोरित्झवर आलं तेवढं काम केलं. हेर क्लाइन दुसरी घोडी दाखवायला न्यायचे, मी बघून यायचो. जंगलात आता कामं करायला छोट्या यंत्रगाड्या आल्या आहेत, लोखंडी दोर लावून डुक्कर खेचून वर घेतात. त्यांना साखरही चालते. यंदा मी शिकाऱ्यांना कळवून टाकलं की आता फोन करू नका.

हा लेख लिहायला बसलो तेव्हा फ्रीडा ओझ्यानं गेली असंच लिहिणार होतो. तसं एक पान लिहिलंही. मुग्धानं वाचलं आणि माझ्यापुढे परत ठेवलं. मग मी माथेरानला फोन लावला. इकडच्या तिकडच्या चौकशा झाल्या आणि मी म्हणालो, "अण्णा, फ्रीडा ओझ्यानं नाही गेली."

"ठाऊक आहे," अण्णा म्हणाले.

तेच पुढे बोलले. त्या बाईनं तोबऱ्यातले हरभरे हातावर घेतले आणि तुझ्याकडं बघितलं, तेव्हाच कळलं, म्हणाले. भाषा येत नाही म्हणून माणूस आंधळा होतो काय? तू ते स्वतःवर घेतलंस. मला वाटलं, पोरगं बापाची लाज राखतंय, राखू दे. म्हणून मी तुला 'कळायला नको?' असं बोललो, गप्प राहिलो असतो तर तुला कळलं असतं की मला कळलंय.

आम्ही दोघंही दोन वर्षं एकमेकांना सांभाळून घेत होतो म्हणायचं. मला क्षणभर बरं वाटलं. वाटलं, सुटलो.

मग त्यांनी विचारलं, "तुला कधी कळलं, तिला गूळ चालत नाही ते?"

खोटं बोलायला अजून जागा होती. 'बाईनं सांगितलं तेव्हा' म्हटलं असतं की संपलं असतं. मी म्हणालो, "आधीपासून. तुम्ही यायच्या आधीपासून."



"म्हंजे मी चारत होतो," अण्णा म्हणाले, "आणि तू बघत होतास."

"अण्णा, तुम्हाला कसं सांगणार होतो मी?"

"दुसरा कुणी घोडेवाला असता तर त्याचा हात धरला असतास का नाही?"

"धरला असता."

"मग माझा का नाही धरलास?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "मला वाटलं, तू माझ्याकडनं शिकतोयस. तू म्हाताऱ्याला रमवत होतास."

मी अण्णा, अण्णा म्हणत राहिलो. त्यांनी फोन ठेवला नाही, ते तसले नाहीत. मुग्धा कशी आहे, थंडी पडली का, असं विचारलं आणि मग ठेवतो म्हणाले.

आताही दर रविवारी बोलतो. हवा, माझं ब्लडप्रेशर, मुग्धाचं ऑफिस. मोरित्झचा मागचा डावा पाय जरा लंगडतो आहे. परवा मी मुद्दाम तो विषय काढला. कुठं दुखत असेल, नाल काढून बघू का, तुम्ही काय केलं असतं, असं विचारलं.

"तिथं डॉक्टर आहेत ना," अण्णा म्हणाले. "त्यांना विचार. मला तिकडच्या घोड्यांतलं काय कळतंय."